गव्हाच्या कोठीतला पंप

अन्याय माझ्यावर झाला; मागच्या हिवाळ्यात, अकोल्यात, मला पाहायला पाहुणे येत होते तेव्हा. आईनं माझा दम्याचा पंप गव्हाच्या कोठीत लपवला. म्हणाली, "पाव्हण्यायले दिसला त उठून जातीन. अन् त्याची सवय लागते, बाई."

रात्री छातीत शिट्टी वाजायची. सगळे झोपलेले असत. मी भिंतीला टेकून, तोंडात ओढणी कोंबून खोकायची.

शेवटी एकटीच बसनं अमरावतीला दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सवयबिवय काही लागत नाही. धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा, हा रोजचा वेगळा. बरं वाटलं तरी सोडू नको."

तो पंप लपवून रोज घेतला; महिन्याभरात आडवी झोपू लागले. घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. तुम्ही तरी आज तुमच्या मुलीला विचारा: रात्री झोपतेस, की रात्र बसून काढतेस?