संकटाची किल्ली

भित्रा माणूस गाडीला पंख का लावतो, हे त्या बिल्डिंगीत कुणालाच कळेना. चिमटे सगळ्यांनी काढले, कळलं मात्र कुणालाच नाही.

या गृहस्थाचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचतो फक्त पोस्टमन. बाकी सगळे त्याला 'जपून' म्हणतात. तोंड उघडलं की तोच शब्द. जिना उतरणाऱ्याला जपून, चढणाऱ्यालाही जपून. गच्चीच्या कठड्यावरून चाललेल्या मांजराला त्याने "जपून गं" म्हटलेलं तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आणि शिंपीणबाईंनी ऐकलं म्हणजे गावाने ऐकलंच.

धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात, हा त्यांवरून प्लास्टरचे जबडे ओततो, मेणाच्या हिरड्या घडवतो, एकेक दात बसवतो. हात असा की वस्तीतले निम्मे म्हातारे त्याच्या कृपेने हसतात आणि उरलेले निम्मे चावतात. त्याच्या आईच्या तोंडातली कवळीही त्याच्याच हातची. "पोराने आईचे दात घशात घातले नाहीत, तोंडात घातले," असं ती म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

घर बर्फाच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याची लॅब तर कारखान्याच्या भिंतीलाच चिकटलेली. जागा तिथेच परवडली. बर्फ करायला अमोनिया लागतो, तो टाक्यांत, पाइपांत कोंडलेला असतो आणि सुटला तर डोळे, घसा, छाती, काही सोडत नाही. हे त्याला कारखान्याच्या फाटकावरच्या पाटीने सांगितलं होतं. 'भोंगा सलग वाजल्यास वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूस निघावे.' त्या पाटीवर लोक पान खाऊन थुंकायचे. याने ती तोंडपाठ केली होती.

बाकीच्यांचं काय, खोकतील आणि पळतील. पण आईच्या फुप्फुसांची चाळण झालेली. ती उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. शेजारी कुणी मिरची परतली तरी तिचे ओठ निळसर व्हायचे. ती गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा पोचणार नाही, हे त्याला माहीत होतं.

म्हणून गाडीला टर्बो. म्हणून मोठे इंजेक्टर, रुंद सायलेन्सर आणि गाडीचा नवा कॉम्प्युटर. लोक शर्यतीसाठी गाडी फुगवतात, याने पळून जाण्यासाठी फुगवली. आणि एवढं करून बाजारात जाताना मागून सायकली पुढे जायच्या.

"जपूनभाऊ," शिंपीणबाई खिडकीतून टोमणा मारायच्या, "विमानाला धावपट्टी कमी पडते का हो?"

काम फिटरने चोख केलं होतं. गाडी गॅरेजला सोडायच्या आधी तो म्हणाला होता, "साहेब, येताना दोन्ही किल्ल्या आणा." दोन्ही? परक्याच्या हातात दोन्ही किल्ल्या? उद्या दाराशी गाडी नसेल! जपून घाईघाईने म्हणाला, "दुसरी हरवली." फिटरने खांदे उडवले आणि एकीवरच भागवलं.

ती 'हरवलेली' किल्ली घराच्या दारामागे खिळ्याला लटकत होती, लाल दोरा बांधून. तिचं नाव संकटाची किल्ली. रोजची किल्ली लॅबच्या कपाटाच्या जुडग्यात असायची, तिला कुणीही हात लावावा. पण लाल दोऱ्याच्या किल्लीला हात लावला तर बायकोलाही बोलणी बसत. ती फक्त त्या दिवसासाठी.

आणि तो दिवस आला तो भर दुपारी, ताटावर.

भोंगा वाजला. चाचणीचा भोंगा दोनदा कोकलून गप्प व्हायचा. हा थांबेचना. जपूनचा हात ताटातच राहिला. बायको पाणी आणत होती, ती जागच्या जागी थिजली. मग खालून कुणीतरी ओरडलं, "गॅस! गॅस सुटला!" आणि सगळ्या जिन्यावर चपलांचा पाऊस पडला.

त्याने लाल दोरा खेचला. दोघांनी आईला खुर्चीसकट खाली आणलं. "अरे हळू, मी तुझी आई आहे, फर्निचर नव्हे," ती म्हणाली. पण खुर्चीचे हात तिनेही घट्ट धरले होते. तिला मागच्या सीटवर उशांत बसवलं, बायको शेजारी बसली. जपूनने किल्ली फिरवली.

इंजिनाने एकदम धरलं, नव्या सायलेन्सरमधून गुरगुरलं, आणि मेलं.

पुन्हा फिरवली. धरलं, गुरगुरलं, मेलं.

तिसऱ्यांदाही तेच. कुणीतरी आतून गळा दाबावा तसं. आवारातल्या बाकीच्या दोन्ही गाड्या त्याच्यासमोर निघून गेल्या. पहिलीत सामानापायी माणसांना जागा नव्हती. दुसऱ्या गाडीला त्याने हात केला, तर तिची काच वर गेली. रुग्णवाहिकेचा फोन लागेना. फिटरचा लागला.

"स्टार्टर फिरतो का, साहेब?"

"फिरतो! गाडी धरते आणि लगेच मरते!"

"घाबरू नका. बॉनेट उघडा. बॅटरीच्या वायरी हलवून बघा."

वायरी घट्ट होत्या.

"टर्बोचा जाड रबरी पाइप बघा. नव्या कामात त्याची क्लिप सुटते, मग हवा लीक होते."

क्लिप जागच्या जागी होती. त्याचीच बोटं जागेवर नव्हती, पाना दोनदा पडला.

"आता वहिनींना किल्ली अर्धीच फिरवायला सांगा आणि मागे पेट्रोलच्या टाकीशी कान लावा. पंपाचा आवाज येतो?"

बायको पुढे आली. त्याने डांबरावर गुडघे टेकून कान लावला. पंप गुणगुणत होता. सगळं ठीक होतं, आणि गाडी चालत नव्हती. एखादा भाग तुटलेला सापडला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग इंजेक्टर असतील," फिटर म्हणाला. "गाडी गॅरेजला आणावी लागेल."

"गॅरेजला आणता आली असती तर मी—" फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

तेवढ्यात पहिला वास आला. नाकात सुई घुसावी तसा. आई खोकायला लागली.

शिंपीणबाई कडेवर कपड्यांचं बोचकं घेऊन निघाल्या होत्या. सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "काय जपूनभाऊ, विमान—" मग त्यांनी आत म्हातारीकडे पाहिलं. बोचकं तिथेच टाकून त्या नळाकडे धावल्या, कुणाच्या तरी लग्नाचं नवंकोरं कापड भिजवून आणलं आणि गाडीच्या खिडक्यांच्या फटींत कोंबायला लागल्या.

"बाई, तुम्ही निघा," बायको म्हणाली.

"गप गं. तू म्हातारीच्या तोंडावर धर हे. अगं, ओलंच राहू दे, पिळू नकोस!"

आईला खोकल्याची उबळ आवरेना. तिने कवळी काढली आणि लेकाच्या हातात कोंबली. "धर रे. घशात जायची एखाद्या वेळी."

ओली, गरम कवळी त्याच्या तळहातावर आली. त्याने केलेली सगळ्यांत चांगली कवळी. शेजारच्या काकांनी एकदा गंमत म्हणून ती घालायचा प्रयत्न केला होता, तेव्हा तोंडात शिरली होती, पण क्षणभरही टिकली नव्हती. टिकणार कशी? ज्या तोंडाचा ठसा घेतला त्याच तोंडात ती बसणार.

त्याने मान वर केली. डॅशबोर्डवर एक दिवा लुकलुकत होता. किल्लीच्या आकाराचा. मघापासून लुकलुकत असणार, पण त्याची नजर बॉनेटमध्ये, टाकीत, पाइपात, सगळीकडे गेली, तेवढी जागा सोडून.

किल्लीच्या डोक्यात चिप असते, ती ओळखीची असली तरच कॉम्प्युटर इंजिन चालू देतो, आणि नव्या कॉम्प्युटरने ठसा एकाच किल्लीचा घेतला होता. दुसरी त्याच्यासमोर कधी गेलीच नव्हती. ती दाराआड लाल दोऱ्यात नटून बसली होती.

"रोजची किल्ली कुठाय?" बायकोने विचारलं. त्याचा चेहरा बघून तिला निम्मं कळलं होतं.

"लॅबमध्ये. ॲप्रनच्या खिशात."

दोघांनी एकदमच गल्लीकडे पाहिलं. सगळी माणसं त्या बाजूने इकडे येत होती. वासही तिकडूनच येत होता.

तिला नाही म्हणायचं होतं. तिने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "जपून," ती म्हणाली. नाव म्हणून सोडला तर त्याला हा शब्द आजवर कुणी ऐकवलाच नव्हता.

तो धावला. शूर झाला म्हणून नव्हे. दोनदा वाटलं परत फिरावं, एकदा तो खरंच फिरला आणि दोन पावलं घराकडे आला. मग मागून आईचा खोकला ऐकू आला आणि तो पुन्हा उलटा धावत सुटला. ओला रुमाल तोंडावर. येणारे लोक त्याला ढकलत, शिव्या घालत होते. "मरायला चाललास का?" एकाने त्याची कॉलर धरली, ती त्याने सोडवून घेतली. कारखान्याच्या भिंतीपाशी जमिनीलगत पांढरं धुकं सरपटत होतं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि पुढचं दिसेनासं झालं.

लॅबचं दार सताड उघडं. कवळ्यांच्या धंद्यातला त्याचा भागीदार केव्हाच पळाला होता. जपूनने श्वास कोंडला, डोळे मिटले आणि हातांनी चाचपत निघाला. ही पॉलिशची मोटर. हा मेणाचा दिवा. हे फळीवरचे प्लास्टरचे जबडे. कोपर लागून दोनतीन खाली पडले, पायाखाली दात चुरडल्याचा आवाज झाला. कुणाचे होते कोण जाणे. मग भिंत, मग खुंटी, मग ॲप्रन. खिशात जुडगा.

परत कसा आला ते त्याला नीट आठवत नाही. गाडीशी आला तेव्हा दाराचं हँडल त्याला सापडेना, एव्हाना गाडीत चढून बसलेल्या शिंपीणबाईंनी आतून दार ढकललं. किल्ली भोकात जाईना, बायकोने मागून वाकून त्याचा हात धरला आणि ती घातली.

गाडी सुरू झाली. आणि सुरूच राहिली.

एवढा टर्बो, एवढे इंजेक्टर, आणि कोपऱ्यावर वळले तर सगळा रस्ता माणसांनी आणि गाड्यांनी भरलेला. ती वेगवान गाडी पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. चालणारे लोक पुढे जात होते. मागच्या काचेवरचं ओलं कापड सुकत होतं, शिंपीणबाई त्यावर बाटलीतलं पाणी थेंब थेंब सोडत होत्या. आईचा खोकला थांबला. तो थांबल्यावर जपूनला जास्त भीती वाटली. त्याने आरशात पाहिलं. बायकोने फक्त मान हलवली. ती मान 'आहे' म्हणाली की 'नाही', हे त्याला कळेना आणि विचारायची छाती होईना.

मोठा वळसा घालून गेल्यावर, वारा येतो त्या बाजूला, शाळेचं मोकळं मैदान होतं, अर्धी वस्ती तिथे येऊन बसलेली. त्याने गाडी कुंपणाशी लावली आणि इंजिन चालूच ठेवलं. रुंद सायलेन्सर मैदानभर घरघरत होता. लोक वैतागले.

"अहो, बंद करा ते धूड!"

तो ऐकेना. बंद केली आणि पुन्हा नाही सुरू झाली तर? वारा फिरला तर? दोन्ही हातांनी त्याने किल्ली धरून ठेवली होती, जणू सोडली तर तीही पळून जाईल.

मागून त्याच्या खांद्यावर एक बारीक हात आला. आईचा. कवळी नसल्याने शब्द बोबडे झाले होते.

"बंद कर रे ते. माझा श्वास चालू आहे की नाही, मलाच ऐकू येत नाहीये."

त्याने किल्ली फिरवली. घरघर थांबली. दूरवर भोंगा अजून वाजत होता. तो मागे वळला नाही, नुसता कान देऊन बसला. आत एक शिट्टीसारखा श्वास गेला. मग बराच वेळ काही नाही. मग तो बाहेर आला. मग पुन्हा आत.