पासवर्ड चुकीचा आहे

जूनमधल्या एका सकाळी माझ्या कॉम्प्युटरने मला सांगितलं की माझा पासवर्ड चुकीचा आहे. मी पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा एकेका बोटाने, अक्षर अक्षर बघून टाकला, तरी तेच. मी चिडून पंखा वाढवला आणि चहा मागितला.

आमच्या कर्जतच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत. खाली पुढच्या खोलीत माझा, आणि वरच्या मजल्यावर सुनेचा. ती घरूनच ऑफिसचं काम करते. दोन वर्षांपूर्वी तिने अशी सोय करून दिली की रोज दुपारी माझे फोटो आणि लिखाण आपोआप तिच्या कॉम्प्युटरमध्ये उतरावं, म्हणजे माझा कधी बंद पडला तरी वर प्रत राहील. त्यासाठी लागणारा पासवर्ड मात्र तिने मलाच ठरवायला लावला. मी तो ठरवला, तिच्या कॉम्प्युटरवर स्वतः टाकला, आणि कुठेही लिहून ठेवला नाही. भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये मी तेहतीस वर्षं शिफ्ट ड्यूटी केली. तिथले व्हॉल्व्ह मला नंबरासकट तोंडपाठ होते. असल्या माणसाने पासवर्ड वहीत लिहायचा म्हणजे कमालच झाली.

तो पासवर्ड म्हणजे आमच्या कडावच्या घरच्या एका बैलाचं नाव आणि पुढे माझ्या पहिल्या क्वार्टरचा नंबर. बैलाचं नाव माझ्या थोरल्या भावाने ठेवलं होतं. तो तेव्हा दहा वर्षांचा होता, मी सहा. ते नाव आम्हा दोघांखेरीज आता कुणाच्या लक्षात असण्याचं कारण नव्हतं, आणि त्या दोघांतला मी एकटाच उरलो होतो.

भाऊ विसरण्याच्या आजारात गेला. सुरुवात अगदी साधी झाली. ट्रंकेच्या नंबराच्या कुलपाचे तीन आकडे त्याला आठवेनात. कुलूपच बिघडलंय, असं तो सांगत राहिला आणि आम्ही हसलो. वर्षभरात तो शेताची वाट चुकला. शेवटी शेवटी मला बघून तो आमच्या वडिलांची विचारपूस करायचा, आणि मी 'बरे आहेत' म्हणायचो. त्या आजाराचं भय माझ्या पोटात तेव्हापासून बसलेलं आहे. कुणाला सांगितलं नव्हतं, पण होतं.

म्हणून त्या सकाळी मी 'कॉम्प्युटरच बिघडलाय' असं मोठ्याने म्हणालो आणि दचकलो. भाऊही अगदी अस्संच म्हणाला होता.

मग तीन आठवडे मी लपूनछपून दुरुस्ती केली. सून ऑफिसच्या मीटिंगमध्ये असली की मी कामाला लागायचो. राउटर बंद करून चालू केला. बाजारातून नवी केबल आणून बदलली. दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना दिसतात की नाही ते तपासायची एक आज्ञा असते, ती देऊन पाहिली. माझ्या चार हाकांना वरून चार वेळा ओ आली. म्हणजे वाट मोकळी होती, वरचा जागा होता, फक्त मला ओळखत नव्हता. उरला पासवर्ड. बैलाचं नाव मी पहिलं अक्षर मोठं करून टाकलं, सगळी लहान करून टाकलं, क्वार्टरचा नंबर आधी टाकून पाहिला. दहाव्या प्रयत्नानंतर खरं नाव कोणतं होतं याचीच मला खात्री वाटेना. डोळे मिटून बैल आठवायचो. त्याचं वाकडं शिंग दिसायचं, कपाळावरचा पांढरा ठिपका दिसायचा, आणि नाव ओठांवर आलं की वाटायचं, हे नक्की त्याचंच ना?

सुनेला विचारणं सोपं होतं. पण 'मी विसरलो' हे शब्द मला तोंडातून काढायचे नव्हते.

त्यातच बायकोने नवीन टूम काढली. माझी बायको कडावच्याच शेजारच्या वाडीतली. तिचं बोलणं रोखठोक, आडवळण तिला माहीत नाही. ती अचानक आडून आडून विचारायला लागली.

"अवो, सोमवारी भाजी कसली केलेली?"

"तूच केलीस ना, मला काय विचारतेस?"

"सांगा तर. मला नाय आठवत."

मी सांगायचो. दुसऱ्या दिवशी, गॅसचा सिलिंडर कोणत्या वारी आला? तिसऱ्या दिवशी, माथेरानला गेलो तेव्हा घोड्यावरून कोण पडलं? (मीच पडलो होतो. ते ती जन्मात विसरणार नाही.) मला कळत होतं की ही माझी परीक्षा चालली आहे, आणि तिलाही कळत होतं की मला कळतंय. पण दोघंही त्यावर अवाक्षर काढत नव्हतो. मी उत्तरं देताना वैतागायचो, आणि खोलीत जाऊन आपण बरोबर सांगितलं ना, याचा हिशेब करत बसायचो.

शेवटी एका रविवारी सकाळी तिनेच जिन्यात उभं राहून सुनेला हाक मारली. "अगं ये गं खाली. ह्यांचं ते यंत्र तीन आठवडं रुसलंय, आनि हे सांगत नाय."

सून आली. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि काही न विचारता खुर्ची ओढून बसली. तिचे उपकार कसे फेडायचे ते मला माहीत नाही. "बाबा, तुमचा पासवर्ड तसाच राहू दे," ती म्हणाली. "मी वर नवीन खातं उघडते, माझ्या पासवर्डचं. ते चालतं का बघू."

ती वर जाऊन खातं उघडून आली. माझ्या कॉम्प्युटरवर बसून तिने स्वतःचा, दोन मिनिटांपूर्वी ठरवलेला पासवर्ड टाकला. उत्तर आलं, पासवर्ड चुकीचा आहे.

मी टाळीच वाजवली. तीस वर्षांच्या, तल्लख डोक्याच्या मुलीलाही हे यंत्र विसरभोळी ठरवत होतं! सून गोंधळली होती आणि मी खुशीत होतो. बायको दारात पदराला हात पुसत आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

आणि मग माझ्यातला जुना ऑपरेटर जागा झाला. पॉवरहाऊसमध्ये बिघाड आला की आम्ही आधी दोन्ही टोकांची लॉगबुकं शेजारी शेजारी ठेवायचो. इकडे कधी काय झालं, तिकडे कधी काय झालं. मी सुनेला म्हटलं, "वर जा आणि तुझ्या कॉम्प्युटरने आपल्याला नाकारलं त्याची नोंद बघ. वेळ मोठ्याने सांग."

ती वरून ओरडली, "दहा पन्नास!"

माझ्यासमोर पडद्यावर नोंद होती साडेअकराची.

इथे मला घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे घड्याळं पुढे असतात. शिफ्ट चुकू नये म्हणून क्वार्टर्समध्ये मी ती कायम वीस मिनिटं पुढे ठेवायचो, ती सवय कर्जतलाही आली. या वैशाखाच्या अखेरीस खालापूरला बायकोच्या भाचीचं लग्न होतं. 'घड्याळ पुढे आहे, अजून वेळ आहे' असं मीच म्हणत राहिलो, एसटी चुकली, आणि आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टका संपून लोक पंगतीला बसले होते. दुसऱ्या दिवशी मी सगळी घड्याळं आणखी वीस मिनिटं पुढे सारली. भिंतीवरचं, मनगटावरचं, आणि माझ्या कॉम्प्युटरमधलंही. कॉम्प्युटरची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळते म्हणतात, पण ती सोय मी केव्हाच बंद करून टाकली होती. माझ्या घरातली वेळ मी ठरवणार.

सून फोनवर वाचत वाचतच जिना उतरली. "बाबा, दोन्हींच्या वेळेत अर्ध्या तासाहून जास्त फरक असेल तर वरचा ओळखच नाकारतो. जुना निरोप चोरून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. आणि बाहेर मात्र पासवर्ड चुकीचा म्हणून सांगतो."

वीस मिनिटं त्याने दोन वर्षं चालवून घेतली होती. चाळीस झाल्यावर दार लावलं.

मी इतका हसलो की ठसका लागला. तेहतीस वर्षं मी जनित्र लाइनला जोडण्याआधी दोन्हींचा ताल जुळवत आलो. ताल जुळल्याशिवाय स्विच टाकायचा नाही, हे मी नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं. आणि माझ्याच घरात मी चाळीस मिनिटं बेताल!

कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर केलं. सून तिचा पासवर्ड टाकायला पुढे झाली, तिला मी थांबवलं. बैलाचं नाव, पहिलं अक्षर मोठं. पुढे क्वार्टरचा नंबर. दाबलं.

दार उघडलं. तीन आठवड्यांचे फोटो सरसर वर जायला लागले. मी बैलाचं नाव मोठ्याने उच्चारलं, घरभर ऐकू जाईल असं. किती वर्षांनी ते नाव या हवेत घेतलं गेलं होतं!

"काही विसरलो नव्हतो मी," मी बायकोला म्हणालो. "विचार आता काय विचारायचं ते. सोमवारी वालाचं बिरडं होतं, आणि त्यात मीठ जास्त पडलं होतं."

ती स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली. दुधाच्या नोंदींच्या खाली, रोजच्या चौकोनात, पेनाची एकेक बारीक खूण होती. तीन आठवडे रोज. सगळ्या बरोबरच्या. एकही फुली नव्हती.

"मग सांगितलं का नाहीस गं?" मी विचारलं. "मी रात्रंदिवस जळत होतो."

"रोज वाटायचं, उद्या फुली पडंल," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मी तिला बसवलं. मग पेन शोधलं, आणि त्या रविवारच्या चौकोनात, दुधाच्या आकड्यावरून ओढून, मीच बरोबरची मोठी खूण केली.