नेमगोंडाचा नेम

हातकणंगल्याहून आठ-नऊ किलोमीटरवर एका गावतळ्याचं तीन वर्षांपूर्वी पाणथळ उद्यान झालं. झालं म्हणजे फार काही झालं नाही. तळं होतं तिथंच राहिलं. बांधावर मुरुमाची पायवाट पडली, टोकाला पाणकणसांच्या बेटाजवळ एक लोखंडी मनोरा उभा राहिला आणि गावच्या समितीनं चार जणांच्या गळ्यात दुर्बिणी घालून त्यांना वाटाडे केलं. नेमगोंडा पाटील त्या चौघांतले सगळ्यांत मोठे, बासष्ट वर्षांचे. गाव त्यांना आण्णा म्हणतं.

पाण्यालगतचं त्यांचं शेत पूर्वी जोंधळ्याचं होतं. थंडीत भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवेच्या थवे कणसांवर उतरत, आणि कोवळ्या नेमगोंडाला गोफण देऊन राखणीच्या उंच माळ्यावर चढवलं जाई. जैनाघरचं पोर. गोफणीत दगड घालायचा नाही असं आईनं बजावलेलं. तो रिकामी गोफण गरागरा फिरवून दोरीचा नुसता आवाज काढायचा. भोरड्या उठायच्या, एक गिरकी घ्यायच्या आणि पुन्हा तिथंच बसायच्या.

"नाव नेमगोंडा आन् नेम एकबी न्हाय," चुलते म्हणायचे.

"दगडच न्हाय तर नेम कशाचा धरू?" पोरगं माळ्यावरून विचारायचं.

पुढं जोंधळा गेला, ऊस आला, आई गेली. आई गेल्यावर त्यांनी मुनींपुढं नेम घेतला. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. घरात तसंही दिवेलागणीनंतर चूल पेटत नव्हतीच. पण घरची रीत वेगळी आणि स्वतः घेतलेला नेम वेगळा, असं ते म्हणत.

उद्यानातली संध्याकाळची फेरी त्यांनी मागून घेतली होती, ती भोरड्यांसाठी. लोकांना वाटे, आण्णांना सकाळचं दुधाचं काम असतं म्हणून. साडेतीनला फाटकातून निघायचं. पोराबाळांची कुटुंबं असत. कुणाला शेकाट्याचे लाल पाय बघायचे असत, कुणाला शू लागलेली असे. थांबत थांबत पावणेसहाला मनोरा. तिथं उभं राहिलं की डोक्यावरून भोरड्या येत आणि बेटात शिरत. आवाज असा, की गिरणीतून धान्य सांडतंय.

या फेरीत त्यांचं रात्रीचं जेवण बुडायचं. थंडीत सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी सूर्य बुडतो आणि ते घरी पोचत सातला. शेतावरून येऊन दीड वाजता जेवलेला माणूस तीनला पुन्हा काय जेवणार? डबा न्यावा, तर वाटेत पावण्यांना उभं ठेवून जेवत बसणं त्यांना जमत नसे, आणि मनोऱ्यावर तर सोयच नव्हती. मनोऱ्याच्या अलीकडं सहाशे पावलांवर एक पाटी होती: "पावणं, हितनं पुढं खायचं न्हाय." पाटी आण्णांचीच, शब्दही त्यांचेच. पहिल्याच वर्षी एका बगळ्याच्या चोचीत वेफर्सचं पाकीट अडकलं होतं. तो मान झटकत दोन दिवस काठाकाठानं हिंडला. तिसऱ्या दिवशी आण्णांनी तो पाण्यातून उचलून आणला, तेव्हा त्यात वजन राहिलं नव्हतं. त्यांनी स्वतः पत्र्यावर रंग लावला, अक्षरं काढली आणि खड्डा खणून पाटी रोवली. समितीनं मग तो ठराव म्हणून लिहून घेतला.

तीन हिवाळे ते असे उपाशी झोपले. चंदनाबाई, त्यांची बायको, पहिले आठ दिवस बोलल्या आणि मग गप्प झाल्या. यंदा दिवाळीनंतर मात्र डॉक्टरांनी साखर सांगितली. संध्याकाळी गोळी, आणि गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत जेवण. त्यात चुकायचं नाही.

"ऐकलासा न्हवं?" दवाखान्याच्या पायरीवर चंदनाबाईंनी विचारलं. "आता फेरी सोडा न्हायतर नेम सोडा."

"बघतो की."

"बघतो म्हंजे पाखरंच बघणार तुमी."

त्यांनी पाखरंच बघितली. उन्हं असतानाच, फेरीत, गोळी घेत राहिले आणि जेवण चुकवत राहिले.

डिसेंबरातल्या एका रविवारी गडहिंग्लजचं एक कुटुंब आलं. अमरसिंह म्हणून दांडगा आवाज असलेला गृहस्थ, त्याची बायको पूर्णिमा आणि दहा वर्षांची मुलगी अनुजा. अमरसिंहाचं कुजबुजणंसुद्धा पलीकडच्या काठाला ऐकू जाई, आणि प्रत्येक वेळी अनुजा त्याला कोपरानं ढोसायची. मनोऱ्यावर पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. आण्णांनी पाण्याकडं बोट केलं.

"ती बघा, पाणकोंबडी."

अनुजानं दुर्बीण खाली घेतली. "आण्णा, तो शेकाट्या हाय. तुम्हीच मघाशी सांगितलासा."

आण्णांनी कठडा धरला. थंडीतही कपाळावर घाम होता. अमरसिंहानं एका नजरेत ओळखलं. त्याच्या वडिलांना साखर होती.

"खाल्लंय का काय? पूर्णिमा, लाडू काढ."

पूर्णिमानं पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला. आण्णांनी मान हलवली.

"हितं न्हाय. पाटीच्या माघारी."

"आवं, चक्कर यायला लागलीया तुम्हाला! कोण बघतंय हितं?"

"पाटी मी लिवलीया, पावणं."

"मग मीच पुसतो की ती जाऊन!"

आण्णा जिना उतरू लागले होते. सूर्य मावळायला अर्धा तास होता आणि वाट सहाशे पावलांची. धडधाकट माणसाला सहा-सात मिनिटं. त्यांना पंचवीस लागली. अमरसिंहानं एक दंड धरला होता आणि वाटभर तो शिव्या द्यायच्या बेतात होता. दोनदा आण्णा खाली बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा अनुजा पुढं पळत गेली आणि पाटीपाशी उभी राहून ओरडली, "आण्णा, अजून थोडा हाय सूर्य!"

पाटी ओलांडून त्यांनी लाडू तोंडात घातला, तेव्हा उसाच्या शेंड्यांवर तांबडी कड उरली होती. दुसरा लाडू हातात होता, तोवर ती गेली. त्यांनी तो परत डब्यात ठेवला.

"कमाल माणूस हाय," अमरसिंह बायकोला म्हणाला. या वेळी खरंच हळू.

तेवढ्यात भोरड्या आल्या. मनोऱ्यावरून त्या नुसत्या डोक्यावरून जात. इथून, लांबून, सगळा थवा एकदम दिसला. पश्चिमेच्या उजेडावर कुणी लुगडं झटकावं तसा तो पसरला, वळला, गोळा झाला आणि बेटात ओतला गेला. आण्णा जमिनीवर बसून बघत होते. माळ्यावर होते तेव्हा थवा अंगावर असायचा. मनोऱ्यावरही अंगावरच. इतक्या वर्षांत त्यांनी तो अख्खा पाहिला नव्हता.

बातमी गावात पोचायला रात्र लागली नाही. दुसऱ्या दिवशी समितीचे सचिव कृष्णात घरी आले.

"आण्णा, तुम्हाला सूट देतो. मनोऱ्यावर दोन घास खाल्लं तर तळं काय आटत न्हाय."

"मग पाटीवर तसं लिवा. 'खायचं न्हाय, नेमगोंडा सोडून.'"

कृष्णातांनी चहा संपवला. "मग फेरी दुसऱ्याला द्यायला लागंल. उद्या काय झालं तर समितीच्या अंगावर येतंय."

चंदनाबाई चुलीपाशी होत्या. त्यांच्या हातातली भाकरी तव्यावर जरा जास्तच राहिली.

"फेरी उलटी करूया," आण्णा शेवटी म्हणाले. "तीनला निघायचं, थेट मनोरा गाठायचा, शेकाटे, चक्रवाक तिथं दाखवायचे. येताना थांबत थांबत पाचला पाटीच्या माघारी. भोरड्या तिथनं."

"लांब पडतंय की. गुलाबी रंग न्हाय दिसायचा."

"रंग न्हाय दिसत. थवा दिसतो."

आता फेरी तशी चालते. मोठे कॅमेरे घेऊन येणारे कुरकुरतात. लहान मुलं कुरकुरत नाहीत. त्यांना पाटीच्या मागं डबा उघडता येतो. पाच वाजता चंदनाबाई फडक्यात भाकरी आणि भाजी बांधून तिथं येऊन बसतात, आण्णांच्या हातावर गोळी ठेवतात आणि समोर बसून ती गिळल्याची खात्री करून घेतात.

बहुतेक दिवशी सगळं वेळेत होतं. भोरड्या मात्र घड्याळ लावून येत नाहीत. जानेवारीत एका संध्याकाळी त्या लवकर आल्या. आण्णांची एक भाकरी संपली होती, दुसरी अर्धी हातात होती. त्यांनी मान वर केली ती केलीच. थवा तीनदा उठला, तीनदा उतरला. शेवटची भोरडी बेटात शिरली तेव्हा सूर्य बुडून ऊस काळा झाला होता.

त्यांनी हातातल्या भाकरीकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"दीड झाली न्हवं पोटात? गोळीला पुरंल," चंदनाबाई म्हणाल्या. त्यांनी उरलेली अर्धी त्यांच्या हातातून घेतली आणि फडक्यात गुंडाळली. "ही सकाळी म्हशीला. उद्या जरा भराभरा चावा."

"व्हय," आण्णा म्हणाले. ते अजून बेटाकडंच बघत होते.