दरवाजा मीच लावला होता

हे मी आजवर कुणालाच, बायकोलाही, सांगितलेलं नाही. परवा लेकीच्या बोटाचं वाकडं नख दिसलं आणि तो दिवस डोळ्यांपुढे आला. तेव्हा आम्ही दुबईजवळ अजमानला राहायचो. तिथून आम्ही डोंगरातली गावं बघायला निघालो होतो; ऑफिसचा वयस्कर ड्रायव्हर स्वतःची सुट्टी मोडून आला होता. एका गावात खजुराच्या सावलीत, पाटाच्या गार पाण्यात पाय सोडून बसलो. निघताना मी फोनवर बोलता बोलता गाडीचा दरवाजा धाडकन लावला आणि लेक किंचाळली. बोट चिरडलं होतं. "अहो, दरवाजा कुणी लावला?" बायको ओरडली. "यानेच!" म्हणत मी ड्रायव्हरची कॉलर धरली, थोबाडीत मारल्या, खाली पाडून लाथा घातल्या. "साब, मैं तो…" एवढं बोलून तो माझ्याकडे बघत गप्प झाला. त्याच्या व्हिसाच्या कागदांवर माझी सही लागायची. "डॅडी, स्टॉप!" लेक रडत होती. फुटलेल्या ओठांनी त्यानेच आम्हाला हॉस्पिटलात पोचवलं. दोन महिन्यांनी नोकरी सोडून तो आपल्या गावी गेला, आणि मी गप्प राहिलो. त्याची माफी मागायची आणि लेकीला खरं सांगायचं, एवढं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.