भट्टीला एक दिवस विश्रांती

त्या वर्षी मी देवावर रुसलो होतो. सौदीत रास तनुऱ्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी गॅसच्या भट्टीवर काम करतो. पंपांचे दांडे तापवायचे आणि पाणी देऊन कडक करायचे. उन्हाळ्यात भट्टी पेटवताना एकदम भडका उडाला, भुवया जळाल्या आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कातडी भरून आली, भीती मात्र ठाण मांडून बसली. पेटवायला पुढे झालो की मनगट थरथरायचं. माझा जोडीदार भट्टी पेटवून द्यायचा, त्यामुळे झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली होती. आता तो सुट्टीवर गावी निघाला होता. भट्टीवाल्याला भट्टी पेटवता येत नाही हे कळलं असतं, तर कफीलने, म्हणजे इथल्या मालकाने, मला घरीच धाडलं असतं.

आमचं घराणं लोहारांचं. खंडेनवमीला घरी हत्यारांना हळद-कुंकू लावतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला जुंपत नाहीत. इथे सुट्टी नव्हती, मी दिवसभर राबलो. बायको फोनवर म्हणाली, "अहो, निदान हातोड्याला तरी कुंकू लावायचंत. मसाल्याच्या डब्यात पुडी ठेवली होती मी." मी फणकारलो, "देवाला एवढी काळजी असती तर भडका कशाला उडाला असता?"

जोडीदार गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी मात्र मी ती पुडी गुपचूप खिशात टाकली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात तसं. वर्कशॉपच्या दारातच आमचे फोरमन, रत्नागिरीचे इब्राहिमभाई भेटले. "अरे, म्हातारा म्हणतो आज भट्टी पेटवायची नाय. त्यांच्या भात्याचा सण हाय. ज्याचा त्याचा रिवाज. उद्या पेटवा, खलास." म्हातारा म्हणजे सातो-सान. आम्हाला शिकवायला जपानहून आलेले, पिढीजात सुऱ्या घडवणाऱ्या घरातले. त्यांच्याकडचे लोहार वर्षातून एक दिवस भात्याला आणि भट्टीला विश्रांती देतात. फाशीची तारीख पुढे ढकलल्यासारखा मी सुटकेचा श्वास सोडला.

सातो-सान यांनी सगळीकडे झाडलं, भट्टीवर संत्री ठेवली, वाकून नमस्कार केला आणि दोन टाळ्या वाजवल्या. आमचीच खंडेनवमी उशिरा आल्यासारखं मला वाटलं. न राहवून मी पुडी काढली, पाण्यात कुंकू कालवलं आणि त्यांच्या लखलखीत हातोड्याला बोट लावणार, तोच त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "नो वॉटर! रस्ट!"

मनगट त्यांच्या मुठीतच थरथरू लागलं. ते हाताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "फायर... यू अफ्रेड?"

बायकोलाही मी हे सांगितलं नव्हतं. मान हलवली आणि डोळे भरून आले. ते हसले. "मी टू. टुडे आय टेल कामी, आय अफ्रेड. प्लीज, यू लुक." कामी म्हणजे त्यांचा देव. मग त्यांनी तेलाची बाटली पुढे केली. मारुतीला शेंदूर कालवतात तसं आम्ही तेलात कुंकू कालवून त्यांच्या आणि माझ्या, दोन्ही हातोड्यांना लावलं आणि संत्री सगळ्यांना वाटली. इब्राहिमभाईंनीही एक आवडीने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी भट्टीसमोर उभा राहिलो. गॅसची नळी तपासली. हात थरथरत होता, पण मी तो लपवला नाही. "देवा, मला भीती वाटते, तू बघ," असं मोठ्याने म्हणालो आणि पेटवली. ज्योत शांतपणे पेटली. सातो-सान बाजूला उभे होते.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. हात अजूनही कधी कधी थरथरतो. मी रोज भीती बोलून दाखवतो आणि मग पेटवतो. इतके महिने मी रुसूनही देवाकडे धैर्य मागत होतो आणि घाबरलोय हे मात्र त्याच्यापासूनही लपवत होतो. ज्याने माझं मनगट त्या परक्या म्हाताऱ्याच्या हातात दिलं, त्याचे उपकार मी कसे फेडू?