विटलेली उसळ

काचीगुडा स्टेशनमागच्या गल्लीत मालनबाईंची खानावळ होती. मूळच्या त्या भालकीकडच्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या आणि नवऱ्याची नोकरी सुटल्यावर त्यांनी पोळपाट-लाटणं हातात घेतलं. जेवायला येणारे बहुतेक एकटे-दुकटे. कुणी त्यांना मावशी म्हणे, कुणी अम्मा.

मोठा ताप येऊन गेला त्या वर्षी त्यांच्या नाकाला वास येईनासा झाला. आज येईल, उद्या येईल म्हणत त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला, अंबाजींनाही नाही. फोडणी डोळ्यांनी जमायची, मीठ हाताला ठाऊक होतं.

उन्हाळ्यातली गोष्ट. दोघं बेगम बाजारातून किराणा घेऊन आले, तर दुपारभर वीज गेलेली. फ्रिजमधली सकाळची मटकीची उसळ मालनबाईंनी नेहमीसारखी गरम करून वाढली. लक्ष्मणराव म्हणून जुने गिऱ्हाईक होते. पहिल्या घासालाच ते थांबले, ताट उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "बाई, उसळ विटलीय. तुम्हाला वास नाही आला?"

मालनबाईंनी पातेलं तिथल्या तिथे रिकामं केलं. पण तेजश्रीचा डबा आधीच गेला होता. तेजश्री जवळच्या हॉस्टेलात राहून शिकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, पोरीला उलट्या-जुलाब होऊन कोठी भागातल्या एका दवाखान्यात ठेवलंय.

अंबाजींना घेऊन त्या तशाच निघाल्या. सलाईन लावलेली तेजश्री त्यांना बघून कसनुसं हसली. "मावशी, तुम्ही कायकू आलात? उन्हानं झालं असंल."

"उन्हानं नाही गं, माझ्या हातानं झालं," मालनबाई म्हणाल्या. "मला वासच येत नाही. तापापासून."

अंबाजी बायकोकडे बघतच राहिले. परतताना रिक्षात ते एवढंच बोलले, "मला तरी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही चूल बंद करायला लावली असती."

ते खरंच होतं.

तेजश्री बरी होऊन हॉस्टेलवर परतली, तरी मालनबाईंनी खानावळ उघडली नाही. पोरीचा तो उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून जाईना. शेवटी अंबाजीच त्यांना अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणाला घेऊन गेले. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या. सगळे उठल्यावर मालनबाईंनी त्यांना गाठून विचारलं, "नाक नसलेल्या माणसानं लोकांना जेवू घालावं का?"

बाईंनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. "मावशी, सगळंच बिघडलेलं अन्न वास मारत नाही. चांगल्या नाकाची माणसंही फसतात. म्हणून तर रांधल्यावर किती वेळ झाला, फ्रिज गार आहे का, हे बघायचं. वीज बराच वेळ गेली तर फ्रिजमधलं शिजवलेलं टाकून द्यायचं. शंका आली तरी टाकायचंच."

त्या दिवशी घरी येऊन मालनबाई पोटभर जेवल्या.

खानावळ पुन्हा सुरू झाली. आता त्या बेतानंच रांधतात, उरलेलं संध्याकाळी वाढत नाहीत. फ्रिजमध्ये तापमापक टांगलाय. संध्याकाळी उसळ मिळत नाही म्हणून लक्ष्मणराव कुरकुरतात आणि गरम पिठल्यावर गप्प बसतात. तेजश्रीचा डबा बंद झाला, ती आता समोर बसून जेवते.

परवा अंबाजी लसूण सोलत बसले होते. मालनबाईंनी पिठल्याला फोडणी दिली आणि सहज विचारलं, "कसा येतोय वास?"

"चांगला."

"चांगला म्हणजे कसा?"

अंबाजींना असं बोलायची सवय नव्हती. सुरी खाली ठेवून ते विचार करत राहिले.

"भालकीला तुला बघायला आलो होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा आतून असाच वास येत होता. तू अजून बाहेर आली नव्हतीस."

पिठल्याला गुठळ्या होऊ नयेत म्हणून मालनबाई बराच वेळ ढवळत राहिल्या.