कोंड्यातली नऊ अंडी

पार्वताबाईंनी डब्यातल्या कोंड्यात हात घालून नववं अंडं वर काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"मोजून घे बाबू. नऊ हायेत. रिठदहून आणले, एकबी फुटलं नाई."

मी ते अंडं घाईघाईने परत कोंड्यात खुपसलं आणि डब्याचं झाकण दाबलं. भट्टीसमोर वीसेक बाया बसल्या होत्या. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरांत अंड्याचं नावही काढत नसत.

ही गोष्ट वाशीमची. साल छप्पन किंवा सत्तावन्न असेल. मी बावीस वर्षांचा होतो आणि करीमभाईंच्या बेकरीत कारागीर होतो. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गावातल्या बाया घरचा मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत येत आणि नानखटाई भाजून नेत. आम्ही मळायचं, वळायचं, पत्र्यावर मांडायचं आणि भट्टीत सारायचं. भट्टी म्हणजे विटांची बुटकी घुमटी. आत लाकडं जाळायची, निखारे बाजूला ओढायचे आणि तापलेल्या विटांच्या धगीवर माल भाजायचा. माल बाहेर येईपर्यंत बाया आपापल्या सामानाजवळ ठाण मांडून बसत. कारण उघड होतं, कारागीर तुपावर हात मारतात. आमच्या जातकुळीवर कोणाचा विश्वास नव्हता आणि तो बसावा असं आम्हीही काही केलेलं नव्हतं.

करीमभाई मात्र शब्दाचे पक्के. दिवाळीच्या आठवड्यात भट्टीत अंडं जाणार नाही, असं त्यांनी गावाला सांगून ठेवलं होतं. म्हणून गाव त्यांच्याकडे येत होतं.

पार्वताबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या मूळच्या वाशीमजवळच्या रिठद गावच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा अकोल्याला रेल्वेच्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या घरी आया म्हणून राहिल्या. त्या घरची मुलगी, बेबी, त्यांच्याच हातावर वाढली. पुढे ड्रायव्हरची बदली झाली आणि पार्वताबाई भावाकडे परतल्या. आता बेबीचं लग्न झालं होतं. नवऱ्याबरोबर ती आधी सिकंदराबादला आणि पुढे बंदरावर जाऊन बोटीने कायमची परदेशी निघाली होती. तिचं कार्ड आलं होतं. शाळेच्या गुरुजींनी ते वाचून दाखवलं होतं, चारदा. गाडी वाशीमवरून जाणार होती.

"वाशीमले गाडी धा मिन्टं थांबते," पार्वताबाई म्हणाल्या. "इंजन पानी घेते. तेवढ्यात तिच्या हातात केक द्याचा हाये. वाढदिवसाचा. संत्र्याच्या सालीचा. लहानपणी दुसरा कोन्ताच खाये नाई. लोक सांगतात, तू अकोल्याचा कारीगर हायेस. तुले येते ना?"

"मावशी, अकोल्यात रोज पन्नास केक काढत होतो मी."

मी अकोल्यात दोन वर्षं पावाचं पीठ तुडवत होतो. केक करणारा उस्ताद वेगळा होता आणि तो आतून कडी लावून घ्यायचा. पण वाशीमला आल्यावर मी केकवाला म्हणून मिरवायला लागलो होतो. अडीअडचण काहीच नव्हती, कारण वाशीममध्ये केक कोणी मागतच नव्हतं.

त्यांनी मला माप सांगितलं. मैदा इतका, लोणी तितकं, वाळवलेली साल कुटून चिमूटभर. "अंडे असे फेटाचे का भांडं उलटं केलं तरी पडले नाई पाह्यजे. मेमसाब आठ टाके. नववं मी टाको, तिचं ध्यान नसलं का. थोच बेबीले आवडे."

"मावशी, मले नोको शिकवू."

"बरं बाबू. मी बसते इथं. होवो दे आरामानं."

आता आली पंचाईत. त्या बसल्या तर अंडी फोडावी लागणार. फोडली तर वीस बाया उठून जाणार. आणि समजा त्या बाया नसत्याच उठल्या, तरी पुढे काय करायचं ते मला येत नव्हतं. खरं कारण हेच. बाकीची मी नंतर बनवली.

"मावशी, केकपाशी कोनी बसू नये," मी म्हणालो. "त्याच्यावर नजर पडली का तो बसते. फुगतच नाई."

त्यांनी लगेच मान हलवली. "हाव. मेमसाबबी म्हने, दार नोको उघडू." आणि डबा माझ्या हवाली करून, उद्या सकाळी येते म्हणून, त्या ओळखीच्या घरी गेल्या. साऱ्या बेकरीत माझ्यावर विश्वास ठेवून उठून गेलेली ती एकटीच बाई.

मी काय केलं ते सांगतो. मैदा, लोणी आणि साखर घेतली. अंड्यांच्या जागी दही आणि सोडा घातला. अंड्याचा पिवळेपणा यावा म्हणून जिलबीच्या रंगाची चिमूट टाकली. साल घातली. ते सगळं वाटोळ्या डब्यात ओतून भट्टीत मागे ढकललं. बाहेर निघालं ते दिसायला बरं होतं. वरून लालसर, मधे जरासं खोल. रिठदच्या बाईला काय कळणार आहे, असं मी माझ्या जोडीदार कारागिराला म्हणालो. तो हसला.

अंडी आम्ही दोघांनी खाल्ली. बेकरीमागच्या आमच्या खोलीत, भरदुपारी, तव्यावर हिरवी मिरची टाकून, गरम पावाबरोबर. कोंडा गल्लीतल्या गाईला टाकला. अंडी चांगली ताजी होती, हेही आठवतं.

दुसऱ्या दिवशी पार्वताबाईंनी केक पाहिला आणि डोळ्याला पदर लावला. "तूबी चाल टेसनावर," त्या म्हणाल्या. "बेबीले दाखवते, कोनं भाजला थो." मी नको म्हणत होतो. करीमभाईंनीच मला ढकललं. "जा रे गनपत, बूढ़ी इतना बोल रही है."

गाडी आली. खिडकीतून एक उंच, फ्रॉकातली बाई वाकून ओरडली, "आया!" पार्वताबाई इतक्या जोरात पळाल्या की एक चप्पल मागेच राहिली. ती मी उचलली. दोघी खिडकीच्या गजांतून एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. बेबी मोडक्या हिंदीत बोलत होती, पार्वताबाई वऱ्हाडीत. दोघींनाही सगळं समजत होतं.

मग बेबीचा नवरा दार उघडून खाली आला, बेबीही उतरली. तिने डबा उघडला. वास घेतला. "ऑरेंज," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली. नवऱ्याच्या चाकूने तिने कडेचा तुकडा कापला.

"आया, पहले तुम. बर्थडे का रूल."

दर वाढदिवसाला पहिला घास आयाला, असा त्यांचा रिवाज होता. पार्वताबाईंनी तोंड उघडलं, घास घेतला आणि चावता चावता थांबल्या. बेबीनेही एक तुकडा खाल्ला. तिने तो गिळला आणि म्हणाली, "बहुत अच्छा, आया. बिल्कुल वैसा."

पार्वताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नाई बेबी. हात गेला माहा. माप इसरली मी."

"नहीं, आया, नहीं."

"इसरली. म्हातारी झाली. ह्या पोरानं बिचाऱ्यानं मी सांगतलं तसंच केलं."

त्या माझ्याकडे बोट दाखवत होत्या. बेबीच्या नवऱ्याने मला हात जोडून नमस्कार केला. मी एका हातात पार्वताबाईंची चप्पल धरून उभा होतो आणि दुसऱ्या हाताने नमस्कार केला. इंजिन अजून पाणी घेत होतं. नंतर शिट्टी झाली. बेबीने आयाला घट्ट धरलं, मग गाडीत चढली. डबा तिने मांडीवर घेतला होता.

परतताना पार्वताबाई एवढंच म्हणाल्या, "इतके वर्सं सांभाळलेली गोष्ट, आन् ऐन वक्ती गेली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी खरं काय ते सांगितलं नाही. त्यांना एस. टी. स्टँडपर्यंत पोचवलं आणि रिठदच्या गाडीत बसवून दिलं.

चार-सहा महिने कसेबसे काढले आणि एकदा करीमभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला शिवी दिली नाही. त्याने जास्त लागलं. "अरे, मुझसे पूछता," ते म्हणाले. "पतीले में रेती डाल, ऊपर डिब्बा रख, ऊपर-नीचे अंगार. मेरे घर के आँगन में हो जाता. भट्टी की जरूरतच नहीं थी." आणि त्यांनी मला तसा केक शिकवला. तीन बिघडले, चौथा जमला. पार्वताबाईंनी सांगितलेलं माप मला शब्दन् शब्द पाठ होतं.

तो केक घेऊन मी रिठदला गेलो. त्या ओट्यावर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मी तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी खाल्ला. बराच वेळ जिभेवर घोळवला.

"नऊ टाकले?"

"नऊ."

"मंग तवा काय झालं होतं?"

मी सांगितलं. दही सांगितलं, रंग सांगितला, नजर लागायची थाप सांगितली. अंडी खाल्ली तेही सांगितलं. मला वाटलं, आता सूप अंगावर येईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मंजे माप बरोबर होतं माहं," त्या म्हणाल्या. चेहरा क्षणभर उजळला, मग विझला. "पोरगी समुद्रापल्याड गेली, मनात हेच घेऊन का आया इसरली. टेसनावरच सांगतलं असतं बाबू, त मी तिले म्हटलं असतं. गाडी उभी होती ना."

केकचा उरलेला भाग त्यांनी मला परत बांधून दिला. रागाने नाही, पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून.

पुढे मी स्वतःची बेकरी काढली आणि बरीच वर्षं चालवली. गिऱ्हाइकाने आणलेलं अंडं गिऱ्हाइकासमोरच फोडायचं, असा माझा नियम होता. लोकांना ती स्वच्छता वाटायची. नव्या कारागिराला पहिल्या दिवशी मी एवढंच सांगत असे: येत नसेल तर येत नाही म्हण. म्हणायला एक श्वास लागतो. मला दहा मिनिटं मिळाली होती.